यादी उलटी करा

हैदराबादच्या सुलतान बाजारात साड्या आणि बांगड्यांच्या गर्दीतून कोठीच्या बाजूला सरकलं की गुजराती गल्ली लागते. सीसीटीव्हीचे कॅमेरे, वायरींची भेंडोळी, अडॅप्टर, चार्जर. तिथे हल्ली एक नवं गिऱ्हाईक दिसतं. घरी स्टोरेज सर्व्हर बांधायचा म्हणून हातात यादी घेऊन आलेलं. यादीत सगळ्यात वर प्रोसेसर, आठ कोअरचा. मग काचेची बाजू असलेला, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट. मग ३२ जीबी मेमरी, मग वेगवान एसएसडी. शेवटच्या ओळीत हार्ड डिस्क. तिच्यापुढे ना कंपनी, ना मॉडेल नंबर. नुसतं "८ टीबी".

ही यादी उलटी आहे. खालून वर वाचली तरच कामाची.

स्टोरेज सर्व्हरचं काम एकच: आज ठेवलेली फाईल दहा वर्षांनी जशीच्या तशी परत देणं. त्या कामात प्रोसेसर दिवसाचे तेवीस तास बसून असतो. इंटेलचा २०२३ साली आलेला एन१०० हा सहा वॅटचा छोटा प्रोसेसर घरच्या फाईली वाटायला पुरून उरतो. वेगाचंही तेच. घरातली गिगाबिट केबल सेकंदाला ११०-११५ एमबीच्या पलीकडे जात नाही, आणि आजची एकच हार्ड डिस्क सलग वाचताना त्याहून जास्त देते. मग महागडी एसएसडी कुणासाठी? मेमरीचंही बघा. ट्रूनॅससारख्या मोफत प्रणालीला ८ जीबी ही किमान गरज आहे, आणि घरगुती साठ्याला १६ जीबी भरपूर झाली. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ६४ जीबी घेणं म्हणजे दुसऱ्या डिस्कचे पैसे जाळणं.

हे मी हैदराबादच्या मराठी घरांना मुद्दाम सांगतोय. हा सुलतान बाजार एकेकाळी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत होता. निजामाचे निर्बंध इथे तसे चालत नव्हते, म्हणून सभा, शाळा, वाचनालयं याच परिसराच्या आसऱ्याने उभी राहिली. १९०१ साली तेलुगू मंडळींचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम, १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा, १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय. १९३३ साली रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. या काळाचा कागद संस्थांच्या कपाटांत आहे, तसाच घरांच्या माळ्यांवरही आहे. आजोबांचं उस्मानियातलं उर्दू प्रमाणपत्र, मोडीतले जमिनीचे कागद, मराठवाड्यातल्या गावाहून आलेली पत्रं, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या कॅसेट, लग्नांच्या व्हीएचएस. त्यातल्या बहुतेकांची जगात दुसरी प्रत नाही.

प्रत नसली की काय होतं ते या शहराला शिकवायला नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला पूर आला आणि नदीकाठची हजारो घरं एका दिवसात गेली. माणसं गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या पेट्याही गेल्या. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले, शहराला धीर आला. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये एका रात्रीच्या पावसाने हैदराबादच्या वस्त्याच्या वस्त्या पाण्यात बुडवल्या. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेला कागद आणि तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेला सर्व्हर यांची पाण्यापुढे एकच गत.

तेव्हा दुकानात जायच्या आधी घरी बसून मोजा. ए४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ म्हणून ठेवलं तर साधारण २६ एमबी होतं. कॅसेटचा एक तास ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवला तर दोन जीबीच्या आसपास. व्हीएचएसचा एक तास डीव्हीत उतरवला तर १३ जीबी. आता तासातासाच्या शंभर कॅसेट, तीन-तीन तासांच्या तीस व्हीएचएस आणि वीस हजार पानं धरा. एवढा ऐवज फार थोड्या घरांत असेल. तरी सगळा मिळून दोन टीबीच्या आत बसतो. फोनमधले फोटो आणि नातवंडांचे व्हिडिओ धरूनही ४ टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींचा आरसा म्हणून लावलेल्या, बहुतेक कुटुंबांना कित्येक वर्षं पुरतील. आठ डिस्कांचा मनोरा लागत नाही. त्यातून वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

पण त्या दोन डिस्क कोणत्या, इथे खरी मेख आहे. हार्ड डिस्क दोन पद्धतींनी लिहितात. सीएमआर पद्धतीत प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेपासून सुटी असते. एसएमआर पद्धतीत रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक बदलायची तर पुढच्या अनेक पुन्हा लिहाव्या लागतात. कधीतरी फोटो टाकायचा असेल तर फरक कळत नाही. आरशातली एक डिस्क मेली आणि नवीवर सगळं पुन्हा उतरवायची वेळ आली की कळतो. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटल आपल्या रेड या खास स्टोरेज सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआरच्या देत होती, आणि तसं सांगत नव्हती. तज्ज्ञांनी चाचणी घेतली तेव्हा झेडएफएस या फाईलप्रणालीच्या साठ्यात अशी एक ४ टीबीची डिस्क भरायला नऊ दिवसांहून जास्त लागले. सीएमआर डिस्कला एक दिवसही लागला नव्हता. त्या नऊ दिवसांत आणखी एक डिस्क गेली असती तर सगळं गेलं असतं. गदारोळ झाल्यावर कंपनीने सीएमआरसाठी रेड प्लस अशी वेगळी मालिका काढली. म्हणून दुकानात "रेड द्या" म्हणू नका, "रेड प्लस द्या" म्हणा. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआरच असते. त्याच कंपनीच्या बॅराकुडाच्या २ ते ८ टीबीच्या बहुतेक डिस्क एसएमआर आहेत. स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते ती नेमकी तीच.

गुजराती गल्लीत कॅमेऱ्यांचा धंदा मोठा, म्हणून तिथे पर्पल आणि स्कायहॉक या देखरेखीच्या डिस्क हटकून पुढे केल्या जातात. चोवीस तास लिहीत राहण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. वाईट नाहीत. अडलं तर मॉडेल नंबर पाहून घ्यायला हरकत नाही, पण पहिली पसंती नको. डेस्कटॉपच्या डिस्कला मात्र सरळ नाही म्हणा. ती खराब जागा वाचण्याच्या नादात कितीतरी वेळ अडून बसू शकते, आणि सर्व्हरला वाटतं डिस्क मेली. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि जोडीदाराकडून ती माहिती घेऊ देते.

आता "सील पॅक है साब" या वाक्याबद्दल. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या एक्सॉस डिस्कांचं प्रकरण बाहेर आलं. नव्या म्हणून विकलेल्या, पाकिटबंद डिस्क. संगणकाला विचारलं तर वापराचे तास शून्याजवळ. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, आणि ती नोंद काही डिस्कांचे पंधरा हजारांहून जास्त तास दाखवत होती. दीड वर्षाहून जास्त काळ अखंड राबलेला माल, तास पुसून नव्या कोऱ्याच्या भावात. चिया या आभासी चलनाच्या खाणीतून तो आला असावा असा संशय व्यक्त झाला. जर्मनीत हे होतं, तर कोठीत होणारच नाही असं धरून चालणं हा भाबडेपणा आहे. सगळे दुकानदार फसवतात असं मी म्हणत नाही. अनेकांना स्वतःलाच ठाऊक नसतं की घाऊक व्यापाऱ्याने काय पाठवलंय. म्हणून तपासणी आपणच करायची.

तपासणी अवघड नाही. स्मार्टमॉनटूल्स हा मोफत प्रोग्रॅम फार्मची नोंदही वाचतो. पहिल्या रात्री डिस्कची लांब चाचणी लावून झोपा. नंतर तीन आकडे बघा. ५ क्रमांकाच्या ओळीत बदललेले सेक्टर, १९७ क्रमांकाच्या ओळीत अडकलेले सेक्टर: नव्या डिस्कवर दोन्ही शून्यच हवेत, एकही चालणार नाही. १९९ क्रमांकाच्या ओळीतला आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, बहुधा केबल खराब आहे. आधी केबल बदला. आणि पैसे देण्याआधी, दुकानात उभ्या उभ्या, डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. भारतातली वॉरंटी दिसत नसेल तर तो माल बहुधा बाहेरून आलाय. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन वर्षं, त्यांच्या प्रो भावंडांना पाच वर्षं मिळायला हवीत.

डिस्क मरतात, हे गृहीत धरा. लाखो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने २०२४ सालचा वार्षिक दर १.५७ टक्के दिलाय. थोडा वाटतो? चार डिस्क पाच वर्षं चालवा: निदान एक तरी मरण्याची शक्यता सत्तावीस टक्क्यांपर्यंत जाते. तेही त्यांच्या थंडगार दालनात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. डिस्क ४५ अंशांच्या खाली राहिली पाहिजे, म्हणून कॅबिनेट घेताना काच बघू नका. डिस्कांच्या अगदी समोर १२० मिलिमीटरचा पंखा बसतो का ते बघा. आणि तो डबा टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर कोंबू नका.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर. कॅबिनेटबरोबर आलेलाच लोक वापरतात. त्याच्यावर ४५० वॅट छापलेलं असतं; आत तेवढा दम असेलच याची खात्री कुणी देत नाही. फिरायला लागताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे सुमारे २४ वॅट. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की काही सेकंद शंभर वॅटचा धक्का. तो न झेपणारा एसएमपीएस आज डिस्क अडखळवतो, उद्या स्वतः जाताना तिला घेऊन जातो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित, साडेतीनशे-साडेचारशे वॅटचा घ्या, आणि प्रोसेसरमध्ये वाचवलेले पैसे इथे घाला. मोलेक्सवरून साटा करणाऱ्या, प्लास्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त जोडण्या घरात आणू नका. त्या आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. आणखी एक, जे दुकानात कुणी सांगत नाही: सुट्या केबलींच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. टोक सारखं दिसतं, आतली तारांची मांडणी वेगळी असते. एका क्षणात सगळ्या डिस्क जळतात.

ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी मेमरी घ्यावी का, यावर खूप वाद चालतो. माझं मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर घ्या. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांत चुका झाल्या. फाईल डिस्कवर जाण्याआधी मेमरीतच बिघडली तर झेडएफएस ती बिघडलेलीच फाईल इमानाने जपून ठेवेल. पण दुकानदार "डीडीआर५ में ईसीसी रहताच है" म्हणाला तर मान डोलवू नका. ती चिपच्या आतली दुरुस्ती आहे, चिपपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता ती सांभाळत नाही. नव्या इंटेलला ईसीसीसाठी डब्ल्यू६८०सारख्या महाग चिपसेटचा बोर्ड लागतो. म्हणून स्वस्तातला शहाणा मार्ग म्हणजे कार्यालयांतून निघालेलं जुनं वर्कस्टेशन. एचपी झेड२४०, त्याच पिढीचे डेल प्रिसिजन. झिऑन प्रोसेसर आणि ईसीसीसकट ती यंत्रं या शहरात सापडतात, आणि ती मुळातच दिवसरात्र चालायला बनवलेली आहेत. जुने रॅकवाले सर्व्हर मात्र स्वस्त मिळाले तरी नकोत. १५० वॅट खाणारं यंत्र वर्षाला तेराशेहून जास्त युनिट जाळतं. ४० वॅटवालं साडेतीनशे.

विजेचा विषय निघालाच आहे. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" हे उत्तर पुरेसं नाही. इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळवत नाही. यूएसबी केबल असलेला छोटा यूपीएस कळवतो, आणि ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारख्या प्रणाली त्याचं ऐकून सर्व्हर नीट बंद करतात. असा सहाशे व्हीएचा यूपीएस या कामाला पुरतो. तो यादीत हवाच.

"तयार डबा का घेऊ नये?" घ्या, वेळ नसेल तर जरूर घ्या. पण सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांवर स्वतःच्याच डिस्क वापरायची सक्ती केली होती, आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली, हे लक्षात असू द्या. घरी बांधलेल्या यंत्रात बोर्ड गेला तर कोणताही दुसरा बोर्ड आणून त्याच डिस्क त्याला जोडता येतात. झेडएफएस डिस्कांवरूनच सगळं ओळखते. हाच घरबांधणीचा खरा फायदा आहे, स्वस्ताई नव्हे.

आता वाचवलेल्या पैशांकडे येतो. आरसा म्हणजे बॅकअप नाही. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अशा जोडलेल्या डिस्कांची (आरएआयडी) कल्पना मांडली ती स्वस्त डिस्कांची जोड लावून मोठ्या, महाग डिस्कचं काम करून घेण्यासाठी आणि एखादी मेली तरी काम न थांबण्यासाठी. चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोर व्हायरस दोन्ही कुलूपबंद करतो. चोर सगळा डबाच नेतो. झेडएफएसचे स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या नोंदी, पहिल्या दोन संकटांतून बरंचसं वाचवतात. चोरी, आग आणि पाण्यापासून वाचवते फक्त घराबाहेरची प्रत. प्रती तीन, माध्यमं दोन, एक प्रत घराबाहेर: हा नियम एका छायाचित्रकाराने रूढ केलाय.

म्हणून प्रोसेसर, काच, दिवे आणि एसएसडीतून वाचलेल्या पैशांत ४ टीबीची तिसरी, बाहेरून जोडायची डिस्क घ्या. ही एसएमआर असली तरी चालेल, वर्षातून दोनदाच लिहायची आहे. तिला पासवर्डचं कुलूप लावा. तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दोघांना सांगून ठेवा, कारण विसरलेला पासवर्डही पुराइतकाच सगळं नेतो. मग ती डिस्क नातलगांकडे द्या. काचीगुड्यातली बहीण चालेल, पण नांदेडचा किंवा पुण्याचा भाऊ अधिक चांगला. एकाच पावसात दोन्ही शहरं बुडत नाहीत. त्यांची डिस्क तुमच्याकडे ठेवा.

हेच मी मराठी मंडळांच्या कार्यकारिणींनाही सांगेन. सभागृहाच्या रंगरंगोटीच्या खर्चात असा एक सर्व्हर आणि दोन शहरांत दोन प्रती सहज होतात. स्मरणिकांचे जुने अंक, नाटकांची ध्वनिमुद्रणं, सभांची इतिवृत्तं आधी उतरवा, कारण ती कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाहीत. कॅसेटवरची फीत दरवर्षी खराब होतेय, आणि ती वाजवणारी चालू यंत्रंही संपत चालली आहेत.

या आठवड्यात यादी नव्याने लिहा. पहिल्या ओळीत तीन डिस्क, मॉडेल नंबरसकट. मग एसएमपीएस, यूपीएस, जमली तर ईसीसी मेमरी. प्रोसेसर शेवटी. आणि दुकानातून निघताना पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वादात तोच कागद उपयोगी पडतो.